आईचं इन्सुलिन आणि माझा अतिशहाणपणा

गेल्या मे महिन्यात आई आठवडाभर माझ्याकडे राहायला आली. सोबत लोणच्याची बरणी, कुरडया आणि इन्सुलिनच्या दोन बाटल्या. बाहेर मरणाचं ऊन, त्यात लाइटचा लपंडाव. म्हटलं, औषध खराब व्हायला नको. दोन्ही बाटल्या थेट फ्रीझरमध्ये! इतकी काळजी घेणारी मुलगी शोधून सापडेल का, सांगा.

दुसऱ्या दिवशी बाटली बाहेर काढली, बर्फ वितळू दिला, आईने नेहमीचा डोस घेतला. तीन दिवसांनी शुगर ३४०! मी तिला आमरसावरून सॉलिड लेक्चर दिलं. ती बिचारी गप्प. शेवटी डॉक्टरांना फोन लावला. त्यांचा पहिलाच प्रश्न, ‘‘इन्सुलिन ठेवलं कुठे होतंत?’’

माझी विकेट तिथेच पडली.

तर फंडा असा आहे. इन्सुलिन म्हणजे पाण्यात विरघळवलेलं प्रोटीन. ५१ अमिनो ॲसिड्स, दोन साखळ्या आणि त्यांची एक ठरावीक घडी. ती घडी विस्कटली की प्रोटीनचं कामच संपलं. उकडलेलं अंडं गार केलं म्हणून परत कच्चं होतं का? बाटलीत इन्सुलिनचे सहा-सहा रेणू झिंकभोवती गटाने बसवलेले असतात, ते टिकावेत म्हणूनच. पण पाण्याचा बर्फ व्हायला लागला की उरलेल्या थेंबभर पाण्यात सगळी गर्दी, अगदी सकाळी साडेआठच्या लोकलसारखी. रेणू एकमेकांना चिकटतात, त्यांचे गठ्ठे होतात. वितळल्यावर बाटली वरून चांगली दिसूही शकते, औषधाचा जोर मात्र गेलेला असतो. उन्हाने आणि जोरात हलवण्यानेही हेच होतं.

म्हणून घरात कुणी इन्सुलिन घेत असेल, तर एवढं लक्षात ठेवा. न उघडलेली बाटली २ ते ८ डिग्रीला, फ्रिजच्या मधल्या कप्प्यात. वापरात असलेली बाटली साधारण २८ दिवस २५ ते ३० डिग्रीच्या आत चालते; नेमका आकडा लेबलवर बघा. प्रवासात आइस पॅकला थेट चिकटवू नका, मध्ये रुमाल ठेवा. पार्क केलेल्या गाडीत विसरू नका. विमानात हँडबॅगेतच न्या. दुधी रंगाचं इन्सुलिन असेल तर तळहातांत हळूच घोळवा, खळखळ हलवू नका. आणि एकदा गोठलं, तर सरळ फेकून द्या.

आम्ही नवी बाटली आणली आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने आईची शुगर हळूहळू जागेवर आली. मी कान पकडून सॉरी म्हटलं. लेक्चरसाठी वेगळं.

‘‘असू दे गं,’’ आई म्हणाली, ‘‘पण आधी विचारायचं तरी. गेली अकरा वर्षं मीच सांभाळतेय ना ते?’’