‘पेक्षा’ची मदत

गेल्या महिन्यात हुबळीच्या लॅमिंग्टन रस्त्यावर राहणाऱ्या आमच्या एका स्नेह्यांकडे चहाला जाण्याचा योग आला. त्यांची सातवीतली नात इंग्रजीची उत्तरपत्रिका पुढे घेऊन हिरमुसून बसली होती. ‘माय हाउस इज मोअर बिगर दॅन युअर हाउस’ या तिच्या वाक्यावर तांबडी फुली होती. नातीला दुःख गेलेल्या गुणाचे; तिच्या आईची काळजी त्याहून मोठी. त्या म्हणाल्या, “इंग्रजी सुधारायचे तर घरात मराठी बोलणे थांबवा, असे आम्हांला सांगण्यात आले आहे. तुम्हांला काय वाटते?”

घरात मराठी, अंगणात कन्नड आणि शाळेत इंग्रजी अशी त्रिस्थळी यात्रा आपल्यांतील बहुतेक कुटुंबांतील मुले रोज करतात. त्यामुळे हा प्रश्न त्या एका घरापुरता नाही.

आता त्या फुलीकडे वळू. मराठीत तुलना करताना विशेषणाला धक्का लागत नाही. ‘माझे घर तुझ्या घरापेक्षा मोठे’ या वाक्यात ‘मोठे’ आहे तसेच राहते. सारा भार ‘पेक्षा’ वाहतो. कन्नडची रीतही हीच. ‘निन्न मनेगिंत नन्न मने दोड्डदु’ यातले ‘गिंत’ म्हणजे आपले ‘पेक्षा’च. इंग्रजी मात्र विशेषणाचेच रूप पालटते: बिग, बिगर, बिगेस्ट. ब्यूटिफुलसारख्या लांब शब्दाला हे शेपूट पेलत नाही, म्हणून त्याच्यापुढे मोअर किंवा मोस्ट येतो. वाटा दोन, पण एका वेळी एकीनेच जायचे. आमच्या छोट्या मैत्रिणीने ‘आणखी मोठे’ म्हणण्याच्या सवयीने मोअर लिहिला आणि शाळेत शिकलेला बिगरही सोडला नाही. तिला दोन्ही नियम ठाऊक होते. एवढेच की दोन्ही एकदम वापरले.

या चुकीला आपण थोरांनी फार हसू नये. ‘ज्येष्ठ’, ‘कनिष्ठ’, ‘श्रेष्ठ’ ही संस्कृतात मुळातच तमभावाची रूपे आहेत. तरी आपण ‘सर्वश्रेष्ठ’ म्हणतो, ‘श्रेष्ठतम’ही लिहितो. शेक्सपिअरच्या काळी इंग्रजीतही अशी दुहेरी रूपे चालत. आज ती चालत नाहीत, एवढे मुलांना सांगितले की पुरे.

मग आम्ही तिला तिच्याच गावचे उदाहरण दिले. खरगपूरचा रेल्वे फलाट १०७२ मीटर लांब. २०१३ साली गोरखपूरचा फलाट १३६६ मीटरांचा झाला. १२ मार्च २०२३ रोजी हुबळीच्या श्री सिद्धारूढ स्वामीजी स्थानकावरील १५०७ मीटरांच्या फलाटाचे लोकार्पण झाले. ती चटकन म्हणाली, “खरगपूरचा लाँग, गोरखपूरचा लाँगर, आमचा लाँगेस्ट!”

“कशांत?” आम्ही विचारले.

“जगातल्या सगळ्या फलाटांत!”

हेच तर हवे होते. लाँगेस्टच्या आधी ‘द’ लागतो, आणि तुलना कोणाकोणात चालली आहे तेही कळावे लागते. आपल्या ‘सर्वांत’मध्ये ते ‘सर्व’ आधीच बसलेले असतात. मात्र दोघांतच तुलना असेल तर रीतसर इंग्रजी बिगेस्ट न म्हणता ‘द बिगर ऑफ द टू’ म्हणते. मुंबईतही एक लॅमिंग्टन रस्ता होता. आज तो डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग म्हणून ओळखला जातो. त्याच्याशी आपला रस्ता मोजायचा झाला तर त्यांतला एक लाँगर ठरेल, लाँगेस्ट नव्हे.

नात्यांची गंमत तर याहून न्यारी. कन्नडात थोरला भाऊ अण्ण, धाकटा तम्म. मराठीत आपण थोरला आणि धाकटा म्हणतो. इंग्रजी ‘ब्रदर’ला थोरले-धाकटेपण नाही, म्हणून त्याला एल्डर किंवा यंगर जोडावे लागते. हा एल्डर बहुधा घरच्या माणसांपुरताच, आणि त्याच्यामागे ‘दॅन’ येत नाही. तिथे ओल्डर हवा. अण्ण आणि तम्म लहानपणापासून ऐकलेल्या मुलाला हा भेद समजावायला कितीसा वेळ लागणार?

म्हणून त्या माउलीला आम्ही सांगितले, मराठी थांबवू नका. उलट तिलाच मदतीला घ्या. वाक्य आधी मराठीत म्हणवून घ्या. ‘पेक्षा’ आला की दॅन आणि विशेषणाचे दुसरे रूप. ‘सर्वांत’ आला की द आणि तिसरे रूप. मग मोअर खरोखर हवा का, ते मुलीलाच ठरवू द्या. धारवाडच्या द. रा. बेंद्रे यांची घरची भाषा मराठी होती आणि ज्ञानपीठ पुरस्कार त्यांना १९७३ साली कन्नड कवितेसाठी मिळाला. घरच्या भाषेने त्यांची वाट अडवली नाही.

आम्ही निघालो तेव्हा नातीने वाक्य पुन्हा लिहून आणले होते. मोअरवर तिने स्वतःच काट मारली होती. आईने ते वाचले आणि तिला विचारले, “आता हेच मराठीत सांग बघू.”