माणसाशेजारी घर उभे करून उंची मोजणारे

१/ पुलगावलगतच्या नाचणगावात (जि. वर्धा) ज्या शेतकऱ्याच्या कोठीत वर्षाची ज्वारी आणि तूर भरलेली आहे, त्याच्या घराचा महिन्याचा खर्च किती धरायचा? या प्रश्नाला हातही न लावता भारतीय आणि जपानी घरखर्चाची कोष्टके फिरवली जातात आणि त्यांवरून दोन राष्ट्रांच्या स्वभावाचे निवाडे दिले जातात.

२/ भारताच्या २०२२-२३ च्या सर्वेक्षणातील ग्रामीण मासिक सरासरी ३,७७३ रुपये. जपानची २०२३ ची सरासरी सुमारे २ लाख ९४ हजार येन. पहिला आकडा दरडोई. दुसरा दोन वा अधिक माणसांच्या अख्ख्या कुटुंबाचा! कोष्टकात हा भेद सहसा गाळलेला असतो.

३/ कोठीतील ज्वारी भारतीय सर्वेक्षण सोडत नाही, परंतु तिची किंमत शेतावरच्या दराने धरते. टोकियोतील घर तांदळाला दुकानाचा भाव मोजते. रेशनवरचे मोफत धान्य तर ३,७७३ मध्ये नाहीच. ते आणि इतर मोफत वस्तू धरल्या की सरासरी ३,८६० होते.

४/ जपानी घर अधिक संपन्न आहे, हे निर्विवाद. वाद कारणाचा आहे. १८५७ मध्ये जर्मन संख्याशास्त्रज्ञ एर्न्स्ट एंगेल याने चलनाची गरज नसलेले माप दिले: घर जितके गरीब, तितका खर्चातील अन्नाचा वाटा मोठा. हा वाटा २०२२-२३ मध्ये ग्रामीण भारतात सुमारे ४६ टक्के होता, २०२३ मध्ये जपानात सुमारे २८.

५/ मात्र ‘जपानी माणूस मुळातच काटकसरी’ म्हणणाऱ्यांनी १९४७ चे जपान पाहावे. तेथील शहरी कुटुंबांचा साठ टक्क्यांहून अधिक खर्च अन्नावर होत होता. १९२१-२२ च्या पाहणीत मुंबईच्या कामगारांचा हाच वाटा सुमारे ५७ टक्के निघाला होता. (त्याच पाहणीनुसार कामगाराच्या ताटातील धान्य तुरुंगाच्या नियमावलीतील शिध्याहूनही कमी होते.) एंगेलच्या मापाने युद्धोत्तर जपानी घर परळच्या चाळीहून दरिद्री ठरते. काटकसरीचा स्वभाव तेव्हा कोठे गेला होता?

६/ पुढे तेथे जमीनसुधारणांनी कुळे मालक झाली, कारखान्यांत रोजगार वाढला, वेतने चढली आणि अन्नाचा वाटा उतरला. ग्रामीण भारतातही तो १९९९-२००० मध्ये सुमारे ५९ टक्के होता. तेथून ४६ वर येताना भारतीय शेतकऱ्याचा स्वभाव बदलला, असे मात्र कोणी लिहीत नाही.