समुद्र गावाचा, सही साहेबांची

दर हंगामात तेच. रात्री बाहेर एलईडीचे दिवे पेटतात, सकाळी बंदरावर बोंब, दुपारी निवेदन, संध्याकाळी "चौकशी करतो". मग आपण म्हणतो, कडक कायदा करा.

कायदे कमी आहेत का हो? सागरी मासेमारीचा राज्याचा कायदा १९८१ चा. २०१६ मध्ये पर्ससीनवर निर्बंध आले. २०१७ मध्ये केंद्राने एलईडी मासेमारीवर बंदी घातली. २०२१ मध्ये दंड लाखांत गेला. २०२३ मध्ये ५४ जातींच्या मासळीचं किमान आकारमान ठरलं. कागद भरपूर आहेत. पण मोजक्या गस्तीनौका आणि अपुरे कर्मचारी घेऊन खातं एवढी किनारपट्टी राखणार कशी?

राखण करू शकतो तो रोज दर्यावर असतो. त्यालाच विचारत नाहीत!

मालवण-वेंगुर्ल्याची रापण बघा. कुणी कुठे जाळं टाकायचं, पाळी कुणाची, वाटा कसा, हे गावकऱ्यांनीच ठरवलं आणि पिढ्यान्‌पिढ्या पाळलं. त्यासाठी मंत्रालयातून जीआर आला नव्हता.

कुणी म्हणेल, "तुमचेच लोक बारीक मासळी मारतात, मिनी पर्ससीनही टाकतात." खरं आहे, काही जण करतात. म्हणूनच अधिकार गावाकडे हवा. साहेबाची बदली होते. गावातल्या माणसाला उद्या त्याच बंदरावर तोंड दाखवायचं असतं.

केरळने २०१७ मध्ये कायदा दुरुस्त करून गाव, जिल्हा आणि राज्य पातळीवर मत्स्य व्यवस्थापन परिषदांची तरतूद केली. आपल्या कायद्यात सल्लागार समिती आहे. पण सल्ला ऐकायचा की फाईलीत ठेवायचा, हे शेवटी सरकारच ठरवणार.

माझी मागणी साधी आहे. प्रत्येक बंदरावर मच्छिमारांची समिती कायद्याने नेमा. रापणकर, गिलनेटवाले, ट्रॉलरवरचे खलाशी, सगळे घ्या. मासळी विकणाऱ्या बायका तर हव्यातच. टोपलीत किती बारीक मासळी येतेय ते त्यांना आधी कळतं. नवा परवाना देण्याआधी या समितीची संमती घ्या. पकडलेल्या नौका आणि वसूल झालेला दंड दर महिन्याला बंदरावरच्या फलकावर लिहा.

यंदा मत मागायला येणाऱ्याला एवढंच विचारा: समितीला अधिकार देणार की नुसता चहा पाजणार?

पटलं तर आपापल्या सोसायटीच्या ग्रुपवर टाका. नाही पटलं तर खाली येऊन भांडा.