एस्केप बटण नाहीच असं समजून

येत्या रविवारी रात्री साडेनऊला आमची रेस आहे. गाडी लोटस ४९. ट्रॅक सिल्व्हरस्टोन, पण आजचा नव्हे, १९६७चा. २५ लॅप्स, आठ जण. आणि हे आठही जण आपापल्या घरी, टेबलाला क्लॅम्पने आवळलेलं स्टिअरिंग धरून कॉम्प्युटरसमोर बसलेले असणार.

"म्हणजे व्हिडिओ गेमच की!" असं म्हणणाऱ्या सर्व मंडळींना साष्टांग नमस्कार. माझी आईही हेच म्हणते. "एवढा इंजिनिअर झालास आणि अजून गाडी गाडी खेळतोस" हे वाक्य मी दर दिवाळीला ऐकतो. त्यामुळे तो वाद इथे नको. आज मला भांडायचंय ते आमच्या आमच्यातल्या एका वादावर. आधुनिक गाड्या घ्यायच्या की जुन्या? आणि रेसची वेळ कोणाच्या सोयीने ठरवायची? वरवर बघता दोन वेगळे प्रश्न आहेत. माझ्या मते एकच आहे.

आधी थोडी पार्श्वभूमी. मी मूळचा कुंडलचा. पलूस तालुका, सांगली जिल्हा. नकाशावर सापडत नसेल तर किर्लोस्करवाडी शोधा, आम्ही शेजारीच. त्या स्टेशनाचं आधीचं नाव 'कुंडल रोड' होतं, आणि १९१० साली औंध संस्थानातल्या त्या माळावर लक्ष्मणराव किर्लोस्करांनी कारखाना उभा केला, हे आमच्याकडे प्रत्येकाला पाठ असतं. त्यामुळे आमच्या भागात घरटी एक तरी माणूस लेथ, फाउंड्री किंवा पंपाशी संबंधित. मशीनचा आवाज ऐकून कुठे काय बिघडलंय ते सांगणारी माणसं बघतच आम्ही मोठे झालो. २०११ साली ग्रेटर नोइडाला भारतातली पहिली फॉर्म्युला वन रेस झाली तेव्हा मी आणि माझा शाळेतला मित्र त्याच्या घरच्या टीव्हीपुढे मांडी ठोकून बसलो होतो. व्हेटेल जिंकला. २०१२ आणि २०१३ लाही तोच जिंकला, आणि मग ती रेस बंदच पडली. पण किडा चावायचा तो चावून गेला होता.

२०२० च्या लॉकडाऊनमध्ये खऱ्या रेस थांबल्या आणि फॉर्म्युला वनचे ड्रायव्हरसुद्धा घरी बसून सिम्युलेटरवर रेस करायला लागले. ते बघून आम्हीही सुरू केलं. आज आम्ही पुण्यात दोघं, नाशिक, ठाणे, बंगळूर आणि सांगलीत एकेक, एक न्यू जर्सीत. आणि आठवा तो शाळेतला मित्र, जो कुंडलमध्येच राहिला. ऊस आणि थोडी द्राक्षं बघतो. सोयीसाठी त्याला 'कुंडलवाला' म्हणू. त्याच्या वडिलांनी, म्हणजे काकांनी, स्टिअरिंगसाठी लोखंडी अँगलचा स्टँड स्वतः वेल्डिंग करून दिलाय. आमच्या हजारो रुपयांच्या स्टँडपेक्षा तो कमी हलतो. काका कारखान्यातून रिटायर झालेले. लोटसचा आवाज भिंतीपलीकडून पहिल्यांदा ऐकला तेव्हा म्हणाले होते, "ह्यो आठ सिलिंडरचा आवाज हाय. कुणाचं इंजिन रं?"

बरोब्बर! आठच सिलिंडर. कॉसवर्थ डीएफव्ही, तीन लिटर, साधारण ४०० हॉर्सपॉवर. आणि गाडीचं वजन किती? जेमतेम ५०० किलो. कॉलिन चॅपमनने या गाडीत इंजिन चॅसीच्या आत बसवलं नाही, तर ड्रायव्हरच्या पाठीमागे बोल्टने जोडून त्यालाच गाडीचा सांगाडा केला. मागचं सस्पेन्शन थेट इंजिन आणि गिअरबॉक्सला. ४ जून १९६७ ला हॉलंडमधल्या झांडफोर्टला ही गाडी पहिल्यांदा रेसमध्ये उतरली. जिम क्लार्कने त्या वीकेंडआधी ती चालवलेलीही नव्हती, आणि तो रेस जिंकला. जुलैत सिल्व्हरस्टोनलाही तोच जिंकला.

आता मुद्द्याची गोष्ट. १९६७ च्या या गाड्यांना विंग नाही. म्हणजे हवेचा दाब गाडीला जमिनीवर दाबून धरत नाही. एबीएस नाही, ट्रॅक्शन कंट्रोल नाही. टायर आजच्या मानाने अरुंद. वळणात गाडी घातली की मागची चाकं निसटायला लागतात, आणि ती किती निसटू द्यायची ते उजव्या पायाने ठरवायचं. घाबरून ॲक्सिलरेटर एकदम सोडला तर वजन पुढच्या चाकांवर जातं, मागची हलकी होतात आणि गाडी स्वतःभोवती गिरकी घेते. हौसेने जास्त दाबला तरी तेच. थोडक्यात, गाडी तुमची चूक झाकत नाही. उलट ओरडून सगळ्यांना सांगते.

आमच्यातल्या तिघांचं म्हणणं असं, की हे पुरे झालं. आता जीटी३ घेऊ. एबीएस आहे, ट्रॅक्शन कंट्रोल आहे, रेस चुरशीच्या होतील. आणि दर शनिवारी रात्री नऊ ही वेळ एकदाची फिक्स करू, ज्याला जमेल तो येईल. वाईट नाही हा मुद्दा. मीही दोन महिन्यांपूर्वी त्याच बाजूने मत दिलं असतं. पण मध्ये एक गोष्ट घडली, ती सांगतो. माझीच चूक आहे, त्यामुळे नाव लपवायची गरज नाही.

याच ट्रॅकवर, याच गाडीत, शनिवारी रात्री रेस चालू होती. दोन लॅप राहिले होते. कुंडलवाला दुसरा, मी तिसरा. तो आजवर कधीच पहिल्या तिघांत आलेला नव्हता. हँगर स्ट्रेटवरून स्टो वळणाकडे जाताना मी आतल्या बाजूने गाडी घातली. खरं सांगतो, जागा नव्हती. ब्रेक उशिरा मारला, चाकं लॉक झाली, माझं पुढचं चाक त्याच्या मागच्या चाकावर चढलं. उघड्या चाकांच्या गाड्या अशा भिडल्या की उडतात. त्याची उडाली. मी पुढे गेलो आणि दुसरा आलो. रेस संपल्यावर हेडफोनवर "सॉरी रे, लॅग होता" म्हटलं. तो म्हणाला, "चालतंय." आणि निघून गेला.

आता ज्यांना आमच्याकडच्या 'चालतंय'चे प्रकार माहीत आहेत त्यांना कळेल, की हे 'चालतंय' चालणारं नव्हतं.

पुढच्या महिन्यात गावी गेलो तेव्हा काकांकडून कळलं. शेतीची लाइट एक आठवडा दिवसा असते, एक आठवडा रात्री. तो आठवडा रात्रीचा होता. रात्री मोटर चालू करून उसात पाणी फिरवायचं, एक सरी भरली की दारं मोडून दुसरीकडे वळवायचं. थंडीतलं काम, अंधारातलं, पायाखाली काय येईल सांगता येत नाही. त्या शनिवारी पोराची रेस आहे म्हणून साठी उलटलेले काका बॅटरी घेऊन शेतात गेले होते. "म्हटलं जाऊ दे, महिन्यातनं एकदा खेळतंय पोरगं," काका सहज बोलून गेले. मला चहा गिळवेना.

आणि लॅग वगैरे काही नव्हता हो. लॅग काय असतो ते मी तुम्हाला सांगू शकतो, पोटापाण्याचा धंदाच आहे. न्यू जर्सीवाल्याची गाडी मला माझ्या स्क्रीनवर दिसते ती तो आता आहे तिथे नाही, तर गेमने अंदाज बांधून दाखवलेल्या जागी. ताशी २०० किलोमीटर म्हणजे सेकंदाला सुमारे ५५ मीटर. सेकंदाच्या दहाव्या भागाचा उशीर धरला तरी साडेपाच मीटर, म्हणजे अख्ख्या गाडीच्या लांबीपेक्षा जास्त. म्हणून त्याच्या शेजारून जाताना आम्ही एक गाडीभर जागा सोडतो. कुंडल ते पुणे असा काही प्रॉब्लेम नाही. तो होता तिथेच मला दिसत होता. मी घुसलो, कारण घुसून काही होत नाही हे मला माहीत होतं. एस्केप दाबलं की गाडी परत पिटमध्ये, नवी कोरी!

इथे माझा मूळ मुद्दा येतो. १९६७ साली ही चाल कोणी सहसा करत नसे. कारण चाकाला चाक लागलं की माणूस मरण्याची शक्यता होती. त्याच वर्षी मे महिन्यात मोनॅकोला लोरेन्झो बँडिनीची गाडी पेटली आणि तीन दिवसांनी तो गेला. खुद्द क्लार्क ७ एप्रिल १९६८ ला हॉकेनहाइमला गेला. मग "जुनं ते सोनं" म्हणत त्या काळाचे गोडवे गायचे का? अजिबात नाही. जुन्या रेसिंगचे भक्त इथेच घसरतात. ज्यांनी तो काळ पाहिला त्यांनीच तो संपवायची धडपड केली. १२ जून १९६६ ला बेल्जियममध्ये स्पाला पावसात जॅकी स्ट्युअर्टची गाडी रस्ता सोडून गेली. तो आत अडकला, अंगावर पेट्रोल गळतंय, मदतीला यंत्रणा नाही. त्याला बाहेर काढलं ते ग्रॅहम हिल आणि बॉब बॉन्ड्युरंट या त्याच्याबरोबरच्या ड्रायव्हरांनी. तेही जवळच घसरले होते. स्टिअरिंग काढायला पाना हवा होता, तो एका प्रेक्षकाकडून आणला. स्ट्युअर्ट सुमारे २५ मिनिटं त्या पेट्रोलमध्ये अडकून होता. त्यानंतर तो स्टिअरिंगला पाना टेपने चिकटवून गाडी चालवायचा, आणि सुरक्षेसाठी भांडत राहिला. लोकांनी भित्रा म्हटलं तरी.

मला त्या काळातलं मरण नको. हिलचं गाडीतून उतरणं मात्र हवंय. आणि पान्यापुरतं म्हणाल तर आमच्या खेळात मरणाची गरजच नाही, आपण ते नियमाने आणू शकतो.

यात नवीन काही नाही. आमच्या कुंडलचं कुस्तीचं मैदान राज्यात नावाजलेलं. तिथे जोड लागली की मैदानाच्या कितीतरी दिवस आधीपासून पारावर चर्चा सुरू. कोण कुठल्या तालमीचा, कोणाचा पट चांगला, कोण दमात कमी. कुस्ती काही मिनिटांत संपते, पण वाट बघण्यात आठवडे जातात, आणि निम्मी मजा तिथेच असते. पण ही मजा कशाच्या जोरावर? समोरचा मल्ल ठरल्या दिवशी येणार आणि कुस्ती निकाली होणार, या भरवशावर. जोडच नसेल तर एकटा पैलवान मैदानात शड्डू ठोकून काय करणार? बैलगाडा शर्यतीचंही तेच. २०१४ साली सुप्रीम कोर्टाने बंदी घातली, डिसेंबर २०२१ मध्ये अटींवर परवानगी मिळाली, २०२३ मध्ये घटनापीठाने कायदा वैध ठरवला. बैलाला मारहाण नको, शॉक नको, या अटी आल्या म्हणून शर्यतीची रंगत गेली का? जाऊन बघा, गर्दीत उभं राहायला जागा मिळत नाही. धोका कमी केल्याने खेळ खोटा होत नाही. समोरच्याची किंमत शून्य धरली की खोटा होतो.

म्हणून माझं मत. जीटी३ गाड्या माझ्यासारख्याची चूक पोटात घालतात. बंद चाकं, धक्का लागला तरी दोघं पुढे जातात. त्यात मी सुधारणार नाही, एवढं मी स्वतःला ओळखतो. दिवसभर आम्ही असलं काम करतो ज्यात सगळ्याला अंडू आहे, रोलबॅक आहे, काल केलेला घोळ आज सकाळी मागे घेता येतो. चांगलंच आहे ते, त्यावरच पगार मिळतो. पण आठवड्यातला एक तास तरी असा असावा, जिथे ब्रेक मारण्याआधी शेजारी कोण आहे याचा विचार करावा लागतो. लोटस ४९ मला तो करायला लावते. जीटी३ लावत नाही.

आणि वेळेचं म्हणाल, तर "ज्याला जमेल तो येईल" हे वाक्य ऐकायला लोकशाही वाटतं, पण त्याचा अर्थ ज्याची लाइट रात्रीची तो बाहेर, एवढाच होतो. आम्ही सात जण नोकरीवाले. आमचा रविवार सरकवता येतो. उसाचं पाणी सरकवता येत नाही. शिवाय आमची मोकळी संध्याकाळ जशी कामाची, तशीच त्याचीही. कॅलेंडर सात जणांचं असलं म्हणून ते बरोबर ठरत नाही.

तर मी दोन गोष्टी मांडल्या. एक, रेस त्याच्या दिवसपाळीच्या आठवड्यात. दोन, धक्का मारून जागा घेतली तर तिथेच थांबायचं, ज्याला पाडलं तो पुढे गेल्याशिवाय निघायचं नाही. आणि एस्केप कोणीच दाबायचं नाही. गाडी मोडली तर मोडली, गवतात बसून बाकीच्यांची रेस बघायची. मतदान झालं. पहिली गोष्ट सात-शून्यने पास (ज्याच्यासाठी होती त्याने मतच दिलं नाही, म्हणाला, "माझ्यासाठी कशाला?"). दुसरीवर पाच-तीन. गाड्यांचा वाद या रविवारनंतर ठरणार. रेस चांगली झाली तर लोटस राहील, नाहीतर जीटी३. म्हणून हा सगळा खटाटोप.

गेला आठवडाभर रोज रात्री जेवण झालं की अर्धा तास सराव चाललाय. नाशिकवाल्याने कॉप्सला तिसरा गिअर की चौथा यावर तीन दिवस वाद घातला. बंगळूरवाला वुडकोटला रोज एकदा तरी बाहेर जातो आणि रोज नवीन कारण सांगतो. न्यू जर्सीवाल्याने बायकोला आधीच सांगून ठेवलंय की रविवारी दुपारी मी नाही. आणि काल कुंडलवाल्याचा फोन आला.

"आरं, स्टोला तू आतनं येनार का भाईरनं?"

"बाहेरून," मी म्हटलं. "आणि मागनं."

"बघ हं. आबांना सांगितलंय मी, ह्यावेळी शेजारी बसून बघा म्हणून."

म्हणजे रविवारी काका घरी असणार. शेतात नाही. इंजिनचा आवाज भिंतीपलीकडून नाही, समोर बसून ऐकणार. आता माझ्यावर दडपण आहे ते वेगळंच. :-)