कासवाच्या पिल्लाला काचेची पेटी नको
युरोपात राहून हर्मन कासवाचं पिल्लू रीतसर कागदपत्रांसह घरी आणणाऱ्यांना कळकळीने सांगते: काचेची पेटी घेऊ नका. पारदर्शक भिंत त्याला उमगत नाही, दिवसभर ते काच ओरबाडत राहतं. वरून उघडी लाकडी पेटी घ्या. घरात मांजर असेल तर वर जाळी. एका टोकाला दिव्याखाली ३२ ते ३५ अंश ऊब, दुसरं टोक थंड, खाली ओलसर माती आणि कोकोपीट. यूव्हीबी दिव्यात काटकसर मुळीच नको. खिडकीच्या काचेतून ते किरण जवळजवळ येतच नाहीत, आणि त्यांच्याविना खाल्लेलं कॅल्शियम अंगी लागत नाही. वाढत्या वयातही कवच मऊ राहतं, वेडंवाकडं होतं. भारतात मात्र तारा कासव घरात ठेवणं गुन्हा आहे. महाराष्ट्रात कुणी विकताना दिसलं तर वनविभागाला १९२६ वर कळवा.