‘उमीद’ पोर्टल: सुरू झालेल्या, पण पोहोचल्याच नाहीत अशा नोंदी

केंद्र सरकारचं ‘उमीद’ पोर्टल ६ जून २०२५ ला सुरू झालं. वक्फ मालमत्तांची माहिती भरण्याची सहा महिन्यांची मुदत ६ डिसेंबरला संपली. त्यानंतर अल्पसंख्याक कार्य मंत्रालयाने आकडे दिले: नोंद सुरू केलेल्या मालमत्ता ५,१७,०४०, मंजूर २,१६,९०५, सबमिट होऊन तपासणीत असलेल्या २,१३,९४१, नाकारलेल्या १०,८६९. आता वजाबाकी करून पाहा. ७५,३२५ उरतात. म्हणजे कुणीतरी लॉगिन केलं, मशिदीचं किंवा कब्रस्तानचं नाव टाकलं, पण काम सबमिटपर्यंत गेलंच नाही.

यावर आपल्या मोहल्ल्यात लगेच म्हणतात, मुतवल्ली गाफील राहिले. काही राहिले असतीलही. पण पोर्टल संथ चालतं, मध्येच अडकतं, या तक्रारी मुदत संपायच्या आधीपासून होत्या. आणि फॉर्ममधली माहिती गायब होण्याची कारणं बहुतेक वेळा अगदी साधी असतात.

आपण टाईप करतो ते आपल्या स्क्रीनवर असतं, सर्व्हरवर नाही. सेव्ह किंवा नेक्स्ट दाबल्यावरच ते तिकडे जातं. बऱ्याच साइटवर ठरावीक वेळ बटण दाबलं नाही तर सर्व्हर समजतो की माणूस उठून गेला. इकडे आपले चाचा चष्मा लावून जुन्या वक्फनाम्यातली उर्दू वाचत असतात, गट नंबर जुळवत असतात. अर्ध्या तासाने सेव्ह दाबलं की समोर पुन्हा लॉगिनचं पान! त्यात दोन टॅब उघडे असले किंवा बॅक दाबलं, तर आणखी घोळ. कागदी फॉर्म निदान अर्धा तरी हातात राहायचा.

पीडीएफ फॉर्मची गत वेगळी. व्हॉट्सअॅपवर आलेली फाइल मोबाईलमध्ये तशीच उघडून भरली, तर बदल मूळ फाइलमध्ये उतरतीलच असं नाही. आधी डाउनलोड करावी, पीडीएफच्या ॲपमध्ये भरावी, वेगळ्या नावाने सेव्ह करून बंद करावी आणि पुन्हा उघडून बघावी. मजकूर दिसला तरच पुढे पाठवावी.

ऑनलाइन फॉर्मसाठी आमचा आग्रह एकच आहे: सगळी उत्तरं आधी वहीत किंवा वर्ड फाइलमध्ये तयार ठेवा, कागदपत्रं स्कॅन करून ठेवा आणि मगच लॉगिन करा. प्रत्येक पानावर सेव्ह दाबा. एरर आला तर वैतागून खिडकी बंद करू नका. आधी तारीख-वेळ दिसेल असा स्क्रीनशॉट घ्या.

हा स्क्रीनशॉट का महत्त्वाचा? १ डिसेंबर २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने सरसकट मुदतवाढ द्यायला नकार दिला आणि ट्रिब्युनलकडे जायला सांगितलं. वक्फ कायद्याच्या कलम ३बी प्रमाणे ट्रिब्युनल जास्तीत जास्त सहा महिन्यांची वाढ देऊ शकतं, पण पुरेसं कारण पटलं तरच. ‘पोर्टल चालत नव्हतं’ एवढं तोंडी सांगून काय पटणार? एररचे स्क्रीनशॉट, हेल्पडेस्कला केलेला ईमेल, अर्धवट नोंदीचा नंबर, हे अर्जाला जोडावं लागेल. महाराष्ट्राचं ट्रिब्युनल छत्रपती संभाजीनगरला आहे. तिकडे निघण्याआधी जमातच्या ज्या पोराने फॉर्म भरला, त्याच्या मोबाईलची गॅलरी एकदा नीट बघून घ्या.