पाहणाऱ्यांचा वाटा

बेंगळुरूच्या दक्षिण भागातील बनशंकरी ही मोठी वस्ती. कन्नड, तमिळ, तेलुगू, उर्दू, मराठी अशा अनेक भाषा बोलणारी कुटुंबे तेथे शेजारी राहतात आणि त्यांची मुले एकाच बाकावर बसतात. कोल्हापूर-सोलापूरकडून मध्येच आलेले मूल अशा वर्गात एखादा कन्नड शब्द चुकीचा उच्चारते आणि वर्ग हसतो. एवढ्याने काही बिघडत नाही. परंतु दुसऱ्या दिवशी त्या शब्दाचेच टोपणनाव होते, पुढे डबा लपवला जातो, खेळातून वगळले जाते; तेव्हा ती थट्टा उरत नाही, तो छळ होतो. थट्टेत दोघेही हसतात. छळ पुन्हा पुन्हा होतो आणि सोसणाऱ्याच्या अंगी उलट उत्तर देण्याचे बळ नसते.

‘मुलेच ती, भांडतील आणि एक होतील’, असे वडीलधारे म्हणतात. हा समज खरा नाही. कोणाला हिणवायचे, हे मुले बहुधा मोठ्यांकडूनच शिकतात. ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या शाळेत दाखल झालेल्या भीमराव आंबेडकर यांना वर्गात स्वतःच्या गोणपाटावर वेगळे बसावे लागे आणि शिपायाने नळ सोडल्याखेरीज पाणी मिळत नसे. पुढे मुंबईच्या एल्फिन्स्टन हायस्कुलात शिक्षकांनी त्यांना फळ्याजवळ बोलावताच, फळ्यामागे ठेवलेले आपले डबे विटाळतील म्हणून इतर मुलांनी ते घाईने हलवले. तो विटाळ त्या मुलांनी शोधून काढला नव्हता. घरून आणला होता.

म्हणूनच कायदा मोठ्यांनाही जाब विचारतो. महाराष्ट्राच्या १९९९ च्या रॅगिंगविरोधी कायद्यानुसार तक्रार येताच संस्थाप्रमुखाने सात दिवसांत चौकशी करायची असते. ती टाळणारा प्रमुख गुन्ह्याला साहाय्य करणारा ठरतो. कर्नाटकाच्या १९८३ च्या शिक्षण कायद्यातही विद्यार्थ्याला हास्यास्पद करणारे कृत्य करायला लावणे, मग ते गमतीने का असेना, रॅगिंगच मानले आहे.

कायद्याचे कलम पाठ असलेले बरे, पण त्याआधी मुलाकडे पाहिले पाहिजे. शाळेच्या वेळीच पोट दुखते, वह्या फाटून येतात, मित्रांची नावे बोलण्यातून नाहीशी होतात. अशा मुलाला ‘तूही दोन ठेवून दे’ असे सांगणे म्हणजे त्याच्यातील दुबळेपणावर पुन्हा बोट ठेवणे होय. आधी ऐकून घ्यावे. मग तारीख-वार घालून मुख्याध्यापकांकडे लेखी अर्ज द्यावा आणि त्याची पोच घ्यावी. १०९८ हा बालकांसाठीचा मदत क्रमांकही आहे. छळणाऱ्या मुलाला छडी मारणे मात्र २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने निषिद्ध आहे, आणि ते योग्यच आहे. बलवानाने दुर्बळाला मारावे, हाच धडा त्याला त्यातून पुन्हा मिळतो.

फिनलंडमधील तुर्कू विद्यापीठाने शाळांसाठी आखलेला कार्यक्रम पाहणाऱ्या मुलांवर भर देतो, कारण छळणाऱ्याला प्रेक्षक हवे असतात. बाकावरील चार मुले हसली नाहीत, मधल्या सुट्टीत एखादे त्या मुलाशेजारी डबा उघडून बसले, तर टोपणनाव फार दिवस टिकत नाही. मुक्त विद्यालयात नव्याने नाव घालणाऱ्या प्रौढाला शाळा का सोडली असे विचारले, तर तो गरिबीचे कारण सांगतो. ते खरेही असते. टोपणनाव मात्र तो सहसा सांगत नाही.